गावपळणीत गेलेली फाईल

१

तीन दिवस आणि तीन रात्री कोंडवळ गावात माणूस नव्हतं, जनावर नव्हतं, कोंबडंसुद्धा नव्हतं. देवाचा कौल झाला की दर चार वर्षांनी हा गाव असा रिकामा होतो. घराघरातल्या चुली विझवायच्या, गुरंढोरं नि बोचकी घेऊन वेशीबाहेरच्या उघड्या कातळावर, सड्यावर जायचं, झावळ्यांच्या राहुट्या घालायच्या आणि देव परत बोलावेपर्यंत तिथेच राहायचं. याला गावपळण म्हणतात. त्या तीन दिवसांत गावात पाऊल टाकण्याची कुणाची छाती होत नाही. आजवर कुणी टाकलं नव्हतं, निदान कोंडवळकर तसं छातीठोक सांगत.

चौथ्या दिवशी सकाळी गाव परतला. दत्तप्रसाद परबांनी आपल्या आमरसाच्या कारखान्यातलं लोखंडी कपाट उघडलं, तर वाहतुकीची फाईल नाहीशी झाली होती. कुलूप शाबूत होतं, कडी शाबूत होती आणि बाकीच्या फायली ओळीने उभ्या होत्या.

भार्गवी प्रभुदेसाई दहा वाजता कुडाळहून पोचली, तोवर अर्धा गाव कारखान्याच्या आवारात जमला होता. विक्रीकर खात्यातली तेवीस वर्षांची नोकरी संपवून ती आता लोकांच्या करांची कामं बघत असे. परब तिचे अशील. उद्या अकरा वाजता ओरोसच्या कार्यालयात त्यांची जीएसटीची सुनावणी होती आणि त्यासाठीच ती फाईल न्यायला आली होती.

"कपाटाच्या किल्ल्या दोनच, मॅडम," परब म्हणाले. "एक माझ्याकडे, एक हिशेब लिहिणाऱ्या सुगंधाकडे. गाव सोडायच्या सकाळी फाईल जागेवर आहे हे मी स्वतः बघून कुलूप लावलं. म्हणजे ती गेली कधी? गावपळणीत."

हे शेवटचे शब्द त्यांनी जमलेल्या लोकांना ऐकू जातील अशा बेताने उच्चारले होते. फाईल चोरणं हा एक गुन्हा झाला, पण गावपळणीत गावात शिरणं ही वेगळीच गोष्ट. उद्या कुणाची म्हैस आटली, कुणाचं पोर तापाने फणफणलं, तरी बोट सुगंधाकडेच जाणार. दुपारी चारला देवळात बैठक बसायची होती. तिथे सुगंधा गावडेने देवासमोर जाब द्यायचा, नाहीतर तिच्या घरचं पाणी उद्यापासून कुणी प्यायचं नाही, असं मानकऱ्यांनी न बोलता ठरवूनही टाकलं होतं.

सुगंधा दारात उभी होती. चाळिशीची, हडकुळी, बारा वर्षं या कारखान्याचे हिशेब लिहिणारी बाई. ती कुणाकडेच बघत नव्हती.

"मॅडम," ती एवढंच म्हणाली, "मी गावात पाय टाकूक नाय."

जमावातून कुणीतरी हसलं.

२

नोटीस तशी साधी होती. कारखाना कोल्हापूरच्या एका मोठ्या मिठाईवाल्याला आमरसाचे डबे पाठवी. बिलात डब्यांची किंमत, त्यावर बारा टक्के कर आणि खाली वेगळी ओळ, गाडीभाडं. त्या ओळीवर कर काहीच नाही. खात्याचं म्हणणं, भाड्यावरही बारा टक्के लागायला हवा होता.

"पण भाड्यावरचा कर मी भरलाय ना!" परब टेबलावर बोट आपटत म्हणाले. "गंगारामच्या ट्रकच्या भाड्यावर पाच टक्के मी दर महिन्याला माझ्या हाताने भरतो. एकाच भाड्यावर दोनदा कर? हा कुठला न्याय?"

भार्गवीने हे गाऱ्हाणं आजवर निदान पन्नास व्यापाऱ्यांच्या तोंडून ऐकलं होतं.

"ते पाच टक्के, तुम्ही गंगारामची गाडी भाड्याने घेतलीत त्याचे. ते तुम्हाला वजाही मिळतात. मिठाईवाल्याकडून तुम्ही भाडं घेता हा व्यवहार निराळा. माल पोच द्यायचं तुम्ही कबूल केलं असेल, तर भाडं मालाच्याच पंगतीत बसतं. मालाला बारा, तर भाड्यालाही बारा. बिलात त्याची वेगळी ओळ टाकली म्हणून त्याची पंगत बदलत नाही."

"पण गाडी गिऱ्हाइकानेच ठरवली होती! मी नुसते त्याच्या वतीने पैसे पुढे केले. तेच तर त्या फायलीत होतं."

"तसं असेल तर गोष्ट वेगळी," भार्गवी म्हणाली. "मग ती फाईल तुम्हाला तारणारी होती."

"तीच तर गेली!"

माणूस खरोखर घामाघूम झाला होता. तिला त्यांची थोडी कीवही आली. गाव सोडायच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी पहिल्यांदा या नोटिशीबद्दल फोन केला होता, महिनाभर दाबून ठेवल्यानंतर. तेव्हा तिने समजावलं होतं, की चुकून राहिलं असेल तर कर, व्याज आणि थोडका दंड भरून सुटता येतं. जाणूनबुजून केलं असेल तर जेवढा कर तेवढाच दंड. जाणूनबुजून हे खातं ठरवतं कशावरून, असं त्यांनी दोनदा विचारलं होतं. कागदावरून, असं तिने सांगितलं होतं. भिणारा माणूस असे प्रश्न विचारतोच.

"पोलिसांत तक्रार देणार?" तिने विचारलं.

"आधी देवळातलं होऊ दे," परब म्हणाले. "सुनावणीत तुम्ही एवढंच सांगा, की कारकुनाने फाईल लांबवली."

तेवीस वर्षांच्या नोकरीत भार्गवीने एक गोष्ट पुष्कळदा पाहिली होती. मोठ्या माणसाची चूक नेमकी लहान माणसाच्या टेबलावर सापडते. खुर्चीतून उठताना तिला पहिल्यांदाच त्या कपाटापेक्षा कपाटाच्या मालकाकडे नीट बघावंसं वाटलं.

३

सुगंधा पॅकिंगच्या शेडमध्ये एका पालथ्या क्रेटवर बसली होती. बाकीच्या बायका चार हात लांब सरकल्या होत्या.

"घराक जावन जेव तरी वायच," भार्गवी म्हणाली. अशिलांशी ती शुद्ध बोलायची, पण अशा वेळी कुडाळचं माहेर आपसूक तोंडात येई.

"सासू, सत्यवतीबाय, चुलीकडे येवक देना नाय." सुगंधाच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, आवाज मात्र फाटला होता. "म्हणता, आज नवो इस्तव पेटवचो दिवस, तू हात लावू नको. तिका पण खरा वाटला, मॅडम. अठरा वर्सां एका घरात काढलंव आमी."

"तुझी किल्ली तीन दिवस खंय होती?"

"कमरेक. सड्यावर मी रोज सगळ्यांच्या डोळ्यांदेखत होतंय. पण रातचा कोण कोणाक बघता? तसाच म्हणतत सगळे."

"फायलीत काय काय होता, सांग बघया."

सुगंधाने डोळे मिटले आणि कपाट समोर असल्यासारखी घडाघडा बोलली. विक्रीची बिलं. गंगारामच्या बिल्ट्या, म्हणजे गाडीत माल चढला की ट्रान्सपोर्टवाला देतो त्या पावत्या. मिठाईवाल्याच्या ऑर्डरी. एवढं बोलून ती अडखळली.

"आणि?"

"आणि माझो एक कागद."

"कसलो?"

"तसोच. कामाचो." ती उठून उभी राहिली. "शेटांचा मीठ खाल्लंय, मॅडम. माका जास्त इचारू नका."

भार्गवीने खूप खोदून पाहिलं, पण त्या बाईने तोंडाला कुलूप लावलं ते लावलंच. स्वतःच्या गळ्याशी आलेलं असताना ही कुणाला वाचवते आहे, ते भार्गवीला कळेना.

४

संशय घ्यायला आणखी दोघे होते. पहिला सर्वेश. माल रवाना करण्याचं सगळं काम त्याच्याकडे. तो दोडामार्गचा, म्हणजे कोंडवळच्या देवाचा धाक त्याला लागू नव्हता, आणि ऑफिसच्या दाराची किल्लीही त्याच्या खिशात असे. गावातल्या चार जणांनी भार्गवीच्या कानाशी लागून हे मोठ्या उत्साहाने सांगितलं.

सर्वेश त्यामुळे मुळीच गडबडला नाही.

"तीन दिवस घरी होतो, मॅडम. भावाच्या रबराच्या बागेत. दाराची किल्ली आहे माझ्याकडे, पण कपाटाची कुठे आहे? आणि मी कशाला चोरू? बिलं सगळी कॉम्प्युटरवर आहेत. म्हणाल तर पाच मिनिटांत काढून देतो."

"काढा," भार्गवी म्हणाली.

दुसरा गंगाराम. दोन ट्रक आणि एक टेम्पो यांचा मालक, देहाने आडदांड, पण भाड्याचा विषय निघताच शाळेत गृहपाठ न केलेल्या मुलासारखा चुळबुळायला लागला. भार्गवीला वाटलं, सापडला.

"बिल्ट्यांची स्थळप्रत तुमच्याकडे असते ना?"

"आसता."

"घेऊन या."

तो घेऊन आला. भार्गवीने पुस्तकं चाळली. प्रत्येक बिल्टीवर एक रकाना असतो, भाड्यावरचा कर कोण भरणार त्याचा. जो भाडं देतो, कर त्याच्याच डोक्यावर. साऱ्या बिल्ट्यांवर खूण एकाच ठिकाणी होती. माल पाठवणारा.

"गंगाराम, भाडा तुका कोणी दिला? खरा सांग."

"कारखान्यान." त्याने मान खाली घातली. "माल कोल्हापूरच्या दारात उतरवन द्येवचो. वाटेत डबो फुटलो तर तोय कारखान्याचोच. अशीच बोली होती पयल्यापासून."

"मगे शेट म्हणतत, गाडी गिऱ्हायकान ठरयली होती."

"शेट म्हणतत ता शेटांक म्हायत. माका दर म्हयन्याक थंयसून भाडी मिळतत, मॅडम. माझा नाव नका घालू यात."

त्याच्या चुळबुळीचं कारण एवढंच होतं. उरल्या ऑर्डरी. सर्वेशने मिठाईवाल्याला फोन लावला आणि दहा मिनिटांत त्यांच्या प्रती मोबाइलवर येऊन पडल्या. प्रत्येकीत तीच ओळ, माल आमच्या दारात पोच द्यावा.

दुपारी एकच्या सुमाराला भार्गवी टेबलावरच्या ढिगाकडे बघत राहिली. बिलं आली, बिल्ट्या आल्या, ऑर्डरी आल्या. त्या फायलीने परबांना तारलं असतं ही शुद्ध थाप होती. भाडं मालाच्याच पंगतीतलं होतं. पण त्याहून विचित्र गोष्ट म्हणजे चोरीला गेलेली फाईल दोन तासांत पुन्हा उभी राहिली होती. जे इतक्या सहज परत मिळतं ते कुणी चोरेल कशाला?

एकच कागद परत आला नव्हता.

५

"तुझ्या कागदाची दुसरी प्रत आसा?" भार्गवीने शेडमध्ये जाऊन थेट विचारलं.

सुगंधाने मान हलवली. "नाय. एकच होतो. हातान लिवलंलो."

"सुगंधा, आयक माझा. ज्येच्या मिठाक तू जागतंस, तो चार वाजता तुका देवापुढे उभी करतलो हा. काय होता त्या कागदात?"

सुगंधाने नखाने क्रेटचा पोपडा काढला. मग सांगू लागली. दोन वर्षांपूर्वी कुडाळला जीएसटीची एक दिवसाची शिकवणी होती, तिथे ती पदरच्या पैशांनी गेली होती. आपल्या बिलांत चूक होते आहे हे तिथे तिला समजलं. दुसऱ्याच दिवशी तिने कागदावर लिहून, आपली सही करून शेटपुढे ठेवलं, की माल पोच देतो म्हणून भाड्यावरही बारा टक्के लावायला हवेत. परबांनी खाली लिहिलं, 'आहे तसंच चालू ठेवा', आणि सही ठोकली. तिने तो कागद फायलीत लावून टाकला.

"मिठायवालो वरचे बारा टक्के देवक तयार नव्हतो," ती म्हणाली. "म्हणान शेट गप रवले. तेंकाय अडचण होती."

भार्गवी तिथेच दुसऱ्या क्रेटवर बसली. आता सरळ हिशेब होता. त्या कागदावर दोनच सह्या. सुगंधाला तो कागद निर्दोष ठरवत होता, तो ती कशाला नाहीसा करील? आणि दुसऱ्या सहीवाल्याची चूक त्या एका कागदामुळे जाणूनबुजून केलेली ठरत होती. फोनवर दोनदा विचारलेल्या त्या प्रश्नाचा अर्थ तिला आता लागला. पण अर्थ लागणं वेगळं आणि चार वाजता देवळात तो सिद्ध करणं वेगळं.

परबांच्या घरून जेवायचं बोलावणं आलं. जानकीवहिनी भाबड्या नि बोलक्या. नवऱ्याच्या तोंडचं पाणी का पळालंय याचा त्यांना पत्ता नव्हता. त्यांनी पानात सोलकढी वाढली आणि सड्यावरच्या तीन दिवसांचं पुराण लावलं.

"तीन धोंड्यांची चूल, मॅडम, नि वारो असो की इस्तव धरीना. ह्यांनी घरात कधी काडी वडूक नाय हा! पण पयल्या दिसा स्वताच चूल पेटयल्यानी. माका म्हणाले, तू बस गो, दमलंस. रद्दी सोबत घेवनच इल्ले. सगळी राहुटी हसली ह्यांका."

भार्गवीचा घास हातातच राहिला.

"तुमची राहुटी खंय होती, वयनी?"

"भेंडीच्या झाडाबुडी. कित्याक?"

६

सडा म्हणजे काळ्या कातळाचं उघडं मैदान. राहुट्या अजून उभ्या होत्या आणि कावळे उष्टं शोधत फिरत होते. भेंडीच्या झाडाखाली तीन धोंडे आणि राखेचा ढीग तसाच होता. भार्गवी साडी सावरून बसली आणि काटकीने राख उकरायला लागली. साठीच्या बाईला हा उद्योग शोभत नव्हता, पण बघायला होतं कोण? कोपरापर्यंत हात काळे झाले तेव्हा काटकी कशाला तरी अडली. कागद ओवायची, दोन टोकं दुमडलेली, फायलीतली पत्र्याची पट्टी. जळून निळी पडलेली.

आता सगळं जुळलं. परबांनी फोन केला तो गाव सोडायच्या आदल्या संध्याकाळी. त्या रात्री घरात बांधाबांध, हातात उरली एक सकाळ. गावात जाळावं तर घरोघरच्या चुली विझलेल्या. त्या दिवशी कोंडवळात धूर दिसला असता तर गाव धावत आला असता. मागे ठेवून नंतर परत यावं, तर गावपळणीत पाऊल टाकायची त्यांचीही हिंमत नव्हती. म्हणून फाईल रद्दी बनून राहुटीवर गेली. देवाचा नियम त्यांनी अक्षरशः पाळला होता आणि तो मोडल्याचा आळ एका बाईवर ढकलला होता.

साडेतीनला तिने ती पट्टी परबांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती उचलून उलटसुलट करून पाहिली.

"कुठल्याही फायलीची असेल ही," ते म्हणाले. "कुठे टिकेल का हा पुरावा?"

"नाही टिकणार," भार्गवी म्हणाली. ते खरंच होतं.

"मग?" त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "तुम्ही माझ्या सल्लागार आहात, मॅडम. सुगंधाला मी वाऱ्यावर सोडणार नाही. पगार घरी पोचवीन. दोन वर्षांत लोक विसरतात."

भार्गवीने पट्टी परत उचलली. "तुमचं अधिकारपत्र मी परत करते आहे," ती म्हणाली. "फीसुद्धा नको. चला, देवळात वाट बघतायत."

७

देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. महादू गावकर, ऐंशीच्या घरातला थोरला मानकरी, खांबाला टेकून बसला होता. सुगंधाला पुढ्यात उभी केली होती. तिची सासू बायकांमध्ये पदर तोंडावर ओढून बसली होती.

महादूने बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात भार्गवी उठली.

"आजोबांनो, मी भायली बाई. माका इचारूचो अधिकार नाय. पण सुगंधाच्या आदी एकाक एक प्रश्न तुमी इचारा. फाईल कपाटात होती, असा कोण सांगता? फकस्त दत्तूशेट. तेंनी देवाच्या ह्या पायरेक हात लावन तेवढाच परत सांगूचा, की गाव सोडतेवेळी फाईल कपाटात होती. मगे सुगंधाक खुशाल इचारा."

"बराबर आसा," महादू म्हणाला. "दत्तू, ये."

परब उठले. दहा पावलं तर होती. सरकारी कागदावर खोटं लिहिताना त्यांचा हात कधी अडला नव्हता, चार माणसांत खोटं बोलताना जीभ अडली नव्हती. ते पायरीपाशी वाकले. हात दगडाच्या वीतभर वर आला आणि तिथेच थांबला. त्यांनी एकदा जानकीवहिनींकडे बघितलं. वहिनींना तेव्हा कळलं. त्यांनी हाताने तोंड दाबलं.

"सांग रे," महादू म्हणाला.

"नाय." त्यांनी हात मागे घेतला. "कपाटात नव्हती. मी सड्यार नेलंय. चुलीत घातलंय. सुगंधा... ती गावात इली नाय."

देवळात एकदम कालवा झाला. महादूने हात वर करून तो थोपवला आणि सुगंधाकडे वळला. "जा बाये, आता घराक जा. झाला."

"झाला कसा?" सुगंधा जागची हलली नाही. सकाळपासून पहिल्यांदाच ती सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होती. "सकाळपासून माका बघून तुमी दारां लावन घेतलास. हळू आवाजात आळ घातलास, तो हळू आवाजात नाय जावचो. देवाक गाराणा घाला. माझा नाव घेवन."

महादू खांबाचा आधार घेत उठला, देवाकडे तोंड केलं आणि कापऱ्या, पण खणखणीत आवाजात सुरू झाला.

"बा देवा म्हाराजा! ह्या तुझ्या लेकीर, सुगंधार, ह्या गावान आळ घातलो, तो खोटो होतो म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ती तुझो शब्द मोडून गावात इली नाय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सुगंधाने हात जोडले नव्हते. ती एकेका तोंडावर नजर ठेवून होती, कोण म्हणतंय आणि कोण नुसते ओठ हलवतंय ते बघत. बायकांतून सत्यवतीबाईंचा रडवेला आवाज सगळ्यांच्या वर गेला. परब मात्र अजून पायरीपाशी वाकलेलेच होते. सुगंधा त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि महादूही थांबला. सगळं देऊळ थांबलं.

"व्हय म्हाराजा," परब म्हणाले.

"शेटांनू," सुगंधा म्हणाली, "उद्या अकराक मीय ओरोसाक येतलंय. कागद जळलो, पण त्येच्यार मी काय लिवलंय नि तुमी काय लिवलास, ता माका अक्षर न् अक्षर पाठ आसा. सायबान इचारला तर मी सांगतलंय. तुमी आदी सांगलास तर गप रवान."

परबांनी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर भीती होती, लाज होती, आणि कसलंसं ओझं उतरल्यासारखंही काहीतरी होतं.

"ये," ते म्हणाले. "मीच सांगतलंय."